दोन साहेब, एक प्रोजेक्ट : कंपनीसोबत फायनल इयर प्रोजेक्ट करणाऱ्यांसाठी

आमचा चौघांचा ग्रुप होता. कंपनीने प्रॉब्लेम दिला, कॉलेजने गाईड दिले, आणि पहिले दोन महिने आम्ही या दोघांच्या मधे नुसते निरोप्यासारखे फिरत होतो. गाईड विचारायचे, "यात नवीन काय आहे?" कंपनीतला मेंटॉर विचारायचा, "हे चालू कधी होणार?" दोघांचंही बरोबर होतं, पण दोघांनी एकमेकांशी एकदाही बोललेलं नव्हतं आणि मार खात होतो आम्ही. नंतर ज्युनियर्सना तेच तेच सांगून तोंड दुखायला लागलं म्हणून एकदाचं सगळं लिहून काढतेय. ब्रँच कॉम्प्युटर असो, इलेक्ट्रॉनिक्स असो नाहीतर मेकॅनिकल, अडचणी साधारण त्याच येतात.

१. आधी तुम्ही नक्की काय करताय ते ठरवा

इंटर्नशिप, को-ऑप आणि स्पॉन्सर्ड प्रोजेक्ट हे तीन शब्द लोक सर्रास एकाच अर्थाने वापरतात, आणि मग पुढे कागदपत्रांच्या वेळी गोंधळ होतो. इंटर्नशिपमधे तुम्ही कंपनीचं काम कंपनीच्या वेळेत करता, तिथले लोक सांगतील ते. को-ऑपमधे शिक्षण आणि नोकरी आलटून पालटून चालते, काही महिने वर्ग, काही महिने कंपनी. ही काही आजची टूम नाही, १९०६ मधे सिनसिनाटी युनिव्हर्सिटीत हर्मन श्नायडर यांनी २७ विद्यार्थ्यांना घेऊन हे सुरू केलं होतं, आणि कॅनडातली वॉटरलू युनिव्हर्सिटी तर १९५७ मधे सुरूच झाली ती को-ऑप घेऊन.

स्पॉन्सर्ड प्रोजेक्ट वेगळा. प्रॉब्लेम कंपनीचा, टीम कॉलेजची, मार्क कॉलेजचे. अमेरिकेतल्या हार्वी मड कॉलेजने १९६३ मधे 'इंजिनिअरिंग क्लिनिक' नावाने हा प्रकार चालू केला, म्हणजे कंपनीने आपलं दुखणं घेऊन यायचं आणि विद्यार्थ्यांच्या टीमने प्राध्यापकांच्या देखरेखीखाली त्यावर इलाज शोधायचा. मी पुढे जे सांगतेय ते या तिसऱ्या प्रकाराबद्दल. फरक का महत्त्वाचा? कारण हजेरी कोणाकडे लागणार, मानधन मिळणार का, तुम्ही लिहिलेला कोड कोणाचा, अपघात झाला तर विमा कोणाचा, या सगळ्याची उत्तरं तिन्ही प्रकारांत वेगळी आहेत.

२. कंपनी शोधणं

एचआरच्या पत्त्यावर मेल टाकून वाट बघत बसू नका. आम्ही वीसेक मेल टाकले होते, एकाचंही उत्तर नाही, तेव्हा आशा सोडून द्या. ज्याला स्वतःला काहीतरी त्रास होतोय असा इंजिनिअर शोधा, टीम लीड, मेंटेनन्सवाला, टेस्टिंगवाला, कोणीही. कॉलेजचे सीनियर्स हा सगळ्यात चांगला रस्ता कारण त्यांना तुमचं वेळापत्रक माहीत असतं आणि परीक्षेच्या आठवड्यात तुम्ही गायब होणार हेही.

मेलमधे तीनच गोष्टी लिहा : आम्ही कोण आणि किती जण, कुठल्या महिन्यापासून कुठल्या महिन्यापर्यंत आठवड्याला किती तास देऊ शकतो, आणि आजवर काय बनवलंय (एखादी लिंक). "आम्ही अत्यंत मेहनती आणि होतकरू विद्यार्थी आहोत" वगैरे काढून टाका, ते कोणी वाचत नाही.

मोठी कंपनी की छोटी? मोठ्या ठिकाणी नाव मिळतं पण सह्यांना इतका वेळ लागतो की अर्धं सेमिस्टर त्यातच जातं. छोट्या ठिकाणी काम उद्यापासून सुरू होतं पण मेंटॉरला जेवायलाही वेळ नसतो. माझं मत विचाराल तर कंपनी बघूच नका, माणूस बघा, आठवड्याला एक तास बसून बोलणारा माणूस असेल तर कंपनी कितीही छोटी चालेल.

एक सापळा : पैसे घेऊन 'इंडस्ट्री प्रोजेक्ट' आणि वर सर्टिफिकेट देणारे लोक. तिथे इंडस्ट्री नसते, तोच रेडिमेड कोड दरवर्षी नवीन ग्रुपला विकला जातो आणि व्हायवामधे (तोंडी परीक्षेत) दुसऱ्या प्रश्नालाच उघडे पडता. कंपनी मिळालीच नाही तर त्यापेक्षा ओपन सोर्सकडे वळा, म्हणजे ज्यांचा कोड सगळ्यांना खुला असतो अशा प्रोजेक्टकडे. गूगल समर ऑफ कोड हा ओपन सोर्स संस्थांसोबत कोड लिहायचा कार्यक्रम २००५ पासून चालू आहे, तिथे खरे मेंटॉर असतात, खरा कोडबेस असतो, रिव्ह्यू खरे असतात. त्यात निवड नाही झाली तरी त्या संस्थांचे प्रोजेक्ट सगळ्यांना खुले असतात, छोटे बग सोडवत सुरुवात करता येते. फक्त कॉलेजला हे चालतं का ते आधी विचारून घ्या.

३. पहिली भेट : प्रॉब्लेम स्टेटमेंटवर विश्वास ठेवू नका

आम्हाला पहिल्या मीटिंगमधे एक स्लाईड दाखवली, "एआय वापरून मोटर बिघडण्याचा अंदाज". आम्ही खूष, एआय म्हटल्यावर कोण नाही म्हणणार. नंतर कळलं की ती स्लाईड कोणीतरी कुठल्यातरी वेगळ्याच प्रेझेंटेशनसाठी बनवली होती आणि प्रत्यक्ष मोटर सांभाळणाऱ्या लोकांनी ती बघितलेलीही नव्हती.

तर "तुम्हाला काय बनवून हवंय" हा प्रश्न सगळ्यात शेवटी विचारा. त्याआधी हे :

- आत्ता हे काम कसं होतं आणि कोण करतं? त्या माणसाला आम्ही भेटू शकतो का?
- हे बंद पडलं तर कोणाला फोन जातो?
- याआधी कोणी प्रयत्न केलाय का, आणि तो का सोडला?
- आमचं काम संपल्यावर ते कोण वापरणार? नाव सांगा.
- डेटा आहे की "गोळा करायचाय"?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर "गोळा करायचाय" असेल तर नीट विचार करा, कारण एक सेमिस्टर डेटा गोळा करण्यातच जाईल. आणि 'कोण वापरणार' याला नाव सापडलं नाही तर ते काम कोणालाच नकोय. याच्या उलटही धोका आहे, म्हणजे ज्या कामावर कंपनीची पुढच्या महिन्यातली डिलिव्हरी अडलीय ते काम विद्यार्थ्यांनी अंगावर घेऊ नये. तुमच्या परीक्षा येतील, त्यांची डेडलाईन येईल आणि शेवटी ते स्वतःच बसून करून टाकतील, तुमच्याकडे दाखवायला काही उरणार नाही. करायला हवं खरं पण कोणाला वेळ मिळत नाही, असं काम शोधा.

४. कागदपत्रं

इथेच घोडं पेंड खातं. साधारण एवढे कागद लागतात :

- कॉलेजचं पत्र, त्यात विद्यार्थ्यांची नावं, गाईडचं नाव आणि कालावधी
- कंपनीचं संमतीपत्र, लेटरहेडवर, मेंटॉरच्या नावासकट
- एनडीए म्हणजे गोपनीयतेचा करार
- आयपी म्हणजे बौद्धिक संपदेच्या मालकीबद्दलचा करार (कधी एनडीएमधेच घुसवलेला असतो, म्हणून शेवटच्या पानापर्यंत वाचा)
- ओळखपत्रं, फोटो, आणि शॉप फ्लोअरवर (कारखान्यात जिथे मशीन चालतात तिथे) जाणार असाल तर सेफ्टी ट्रेनिंग आणि विम्याचा कागद
- डेटा कॉलेजच्या लॅबमधे न्यायचा असेल तर त्याची लेखी परवानगी

एनडीए समोर आला की सगळे पटकन सही करतात कारण समोर माणूस पेन धरून उभा असतो. करू नका. "वाचून उद्या देतो" म्हटलं तर कोणी रागावत नाही. त्यात चार गोष्टी शोधा. एक, गोपनीय म्हणजे नक्की काय, की "सर्व माहिती" असं मोघम लिहिलंय? दोन, किती वर्षं? तीन, रिपोर्ट गाईडला आणि एक्स्टर्नलला (बाहेरून येणाऱ्या परीक्षकाला) दाखवता येईल असं स्पष्ट लिहिलंय का? चार, पुढे रिझ्युमेमधे कामाचं वर्णन करता येईल का, निदान दोन ओळीत?

तिसरा मुद्दा फार जणांना नडतो. आमच्याच वर्गातल्या एका ग्रुपने हे बघितलं नाही, शेवटच्या आठवड्यात कंपनीच्या लीगलवाल्यांनी रिपोर्ट मागवून घेतला आणि आकृत्या, आकडे सगळं काळं करून परत पाठवला. एक्स्टर्नलनी पानं उलटली, उलटली, आणि म्हणाले, "यात मी काय तपासू?" पोरं हुशार होती हो, काम पण भारी केलेलं, पण दाखवणार काय.

आयपीचं थोडं सविस्तर सांगते कारण यावरून गाईड आणि कंपनी यांच्यात खरी जुंपते. गाईडना पेपर छापायचा असतो. कंपनीला कदाचित पेटंट घ्यायचं असतं. आणि पेटंटचा नियम असा की शोध नवीन हवा, म्हणजे अर्ज करण्याआधी जगजाहीर झालेला नको. अमेरिकेत संशोधकाने स्वतः जाहीर केलं तर एक वर्षाची सवलत मिळते, युरोपात तशी सरसकट सवलत नाही. तिथे तुमचा पेपर, तुमचा पब्लिक रेपो (सगळ्यांना दिसणारा कोडचा साठा), एवढंच काय प्रदर्शनात लावलेलं पोस्टरसुद्धा आड येऊ शकतं. म्हणून कंपनीवाले पेपर म्हटलं की दचकतात, त्यात त्यांचा खडूसपणा नसतो. यावर सरळ उपाय म्हणजे करारातच लिहून घ्यायचं की पेपर पाठवण्याआधी कंपनीला बघायला ठरावीक दिवस देऊ, समजा ३०, आणि तेवढ्यात त्यांनी काही हरकत कळवली नाही तर आम्ही पाठवणार. दिवसांचा आकडा लिहिलेला नसेल तर ते भिजत घोंगडं वर्षभर तसंच पडून राहतं.

करार तुम्ही एकट्याने वाचू नका, गाईडना दाखवा, कॉलेजमधे करार बघणारं ऑफिस असेल तर त्यांनाही. काही ठिकाणी विद्यार्थ्याने परस्पर सही करणं चालतच नाही.

५. एका पानाचा स्कोप, दोन कॉलम

हे पान, म्हणजे कामाची हद्द ठरवणारा कागद, आम्ही दोन महिने उशिरा बनवलं, तुम्ही पहिल्या आठवड्यात बनवा. डावीकडे 'कॉलेजला काय हवं', उजवीकडे 'कंपनीला काय हवं'. आमचं असं होतं : डावीकडे लिटरेचर सर्व्हे, नवीन काय, प्रयोग, तुलना, रिपोर्ट, तारखा. उजवीकडे तीन मोटरवर चालणारा प्रोग्रॅम, धोक्याची सूचना, आणि टेक्निशियनला समजेल असा एक स्क्रीन. समोरासमोर ठेवल्यावर दिसलं की दोघांना लागणारं काम साठ-सत्तर टक्के एकच आहे, आम्ही उगाच दोन वेगळे प्रोजेक्ट करत बसलो होतो.

खाली दोन गोष्टी नक्की लिहा. पहिली, काय करणार नाही. "मोबाईल ॲप करणार नाही, सगळ्या मोटरवर लावणार नाही." हे लिहिलं नसेल तर प्रत्येक मीटिंगमधे कोणीतरी म्हणणार, "एवढं करताय तर ते पण करून टाका ना, सोपंच आहे." दुसरी, कंपनी उद्या गायब झाली तर तुमच्याकडे पास होण्यापुरतं काय असेल? कंपन्या गायब होतात. बजेट जातं, विभाग बंद होतो, मेंटॉर नोकरी सोडतो. आमचा मेंटॉर चौथ्या महिन्यात गेला, नवीन आला त्याला आमचं नावही माहीत नव्हतं, पण हे पान होतं आणि त्याच्यावर कंपनीच्या माणसाची सही होती म्हणून निभावलं.

आणि हे पान घेऊन गाईड आणि मेंटॉर या दोघांना एका कॉलवर आणा. दोघेही टाळतील, कामात आहे म्हणतील. पाठपुरावा करा, हातापाया पडा. आमचा तो कॉल चाळीस मिनिटांचा झाला आणि त्यात दोन महिन्यांचे घोळ निस्तरले, कारण एकमेकांसमोर बसल्यावर दोघेही जरा समजुतीने बोलतात.

६. ॲक्सेस

सह्या झाल्या त्याच दिवशी ॲक्सेस मागा : अकाउंट, व्हीपीएन (बाहेरून कंपनीच्या नेटवर्कमधे शिरायची सोय), रेपो, डेटा, गेटपास. एकेकाला आठवडे लागतात आणि प्रत्येकाची मंजुरी वेगळ्या माणसाकडे असते. तोवर हातावर हात ठेवून बसू नका. डेटाचे कॉलम कुठले एवढं जरी कळलं तरी खोटा डेटा तयार करून त्यावर कोड चालवायला घ्या. खरा डेटा आल्यावर निम्मं बदलावं लागेल, ठीक आहे, निम्मं तर राहील.

७. डेटा : इथे सगळ्यात जास्त वेळ द्या

आम्हाला आठ महिन्यांच्या फाईली मिळाल्या. मोटरवर बसवलेल्या सेन्सरचं व्हायब्रेशन, करंट, तापमान, आणि वेळ. आम्ही लगेच मॉडेल (डेटावरून अंदाज करायला शिकणारा प्रोग्रॅम) ट्रेन केलं आणि ९९.८ टक्के ॲक्युरसी आली. उड्या मारत मेंटॉरला दाखवली. तो हसला आणि म्हणाला, "आठ महिन्यात मोटर किती वेळा बिघडली?" बघितलं तर तीन वेळा. म्हणजे "कधीच बिघडणार नाही" एवढंच म्हणणारा ठोकळा ठेवला असता तरी त्याची ॲक्युरसी आमच्यापेक्षा जास्त आली असती. हा धडा पुस्तकात होता, परीक्षेत त्यावर प्रश्नही लिहिला होता, तरी आम्ही त्यात पडलोच.

पण खरी गंमत पुढेच. डेटात काही ओळींवर तारीख होती १ जानेवारी १९७०. कॉम्प्युटरवाल्यांना माहीत असेल, युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमचं घड्याळ तिथून शून्यापासून मोजायला लागतं. लॉगर बॉक्समधे (सेन्सरचे आकडे नोंदवणाऱ्या डब्यात) घड्याळाची बॅटरी नव्हती, त्यामुळे वीज जाऊन आली की तो स्वतःला १९७० मधे समजायचा आणि नेटवर्कवरून खरी वेळ मिळेपर्यंत तसंच लिहीत राहायचा. आम्ही काय केलं? कचरा म्हणून त्या सगळ्या ओळी उडवल्या. क्लीनिंग म्हणून रिपोर्टमधे अभिमानाने लिहिलं पण.

मग एक दिवस शॉप फ्लोअरवर टेक्निशियन काका भेटले. त्यांच्या खिशात एक वही होती, तेल लागून पानं चिकटलेली, त्यात कुठली मोटर कधी काढली, का काढली, सगळं तारखेनिशी. त्यांना आमचा ग्राफ दाखवला. दोन मिनिटं बघितला आणि म्हणाले, "मॅडम, यात चालू मोटर दिसतेय. चालू मोटर कशाला बिघडेल? ती चालू होताना बोंबलते."

त्यांचं बरोबरच होतं. थेट लाईनवर चालू होणारी इंडक्शन मोटर सुरुवातीच्या क्षणांत नेहमीच्या पाच ते आठ पट करंट खेचते, सगळा ताण तेव्हाच येतो. आणि आमच्याकडच्या मोटरला आणि लॉगरला वीज एकाच लाईनवरून होती, म्हणजे मोटर चालू होतानाची प्रत्येक नोंद १९७० सालातली होती. नेमकी तीच आम्ही फेकून दिलेली.

ती परत मिळवता आली, कारण १९७० मधलं घड्याळ चुकीच्या जागेवरून सुरू झालं तरी सेकंद बरोबर मोजत होतं. जिथे १९७० वरून एकदम खऱ्या तारखेवर उडी पडायची तिथल्या दोन ओळींमधला फरक काढला आणि तो मागच्या सगळ्या ओळींत मिळवला, झालं. मग मॉडेल बाजूला ठेवलं आणि प्रत्येक मोटरच्या आजच्या स्टार्टची तिच्याच जुन्या स्टार्टशी तुलना करणारा साधा प्रोग्रॅम लिहिला. काकांच्या वहीतल्या तारखांशी जुळवून बघितलं. मेंटॉरला चालणारी गोष्ट मिळाली आणि गाईडना "नवीन काय" याचं उत्तर मिळालं, आणि दोन्ही एकाच ठिकाणी निघाली.

तर तुमच्यासाठी : एकही ओळ डिलीट करण्याआधी ती तशी का आली ते विचारा, आणि डेटा लिहिणाऱ्या मशीनपाशी स्वतः जाऊन उभे राहा. मूळ फाईल कधीच बदलू नका, क्लीनिंग वेगळ्या स्क्रिप्टमधे ठेवा म्हणजे चूक उलटवता येते. प्रत्येक कॉलमचं एकक लिहून घ्या आणि ते मेलवर कन्फर्म करा. हे फालतू वाटतं, पण १९९९ मधे नासाचं मार्स क्लायमेट ऑर्बिटर मंगळापाशी पोचून गमावलं ते एकाने पाउंड-फोर्स सेकंदात आकडे दिले आणि दुसऱ्याने न्यूटन-सेकंद समजून वापरले म्हणून. तिथे आपल्यापेक्षा जरा जास्तच हुशार लोक होते.

डेटा माणसांचा असेल (ग्राहक, पेशंट, कर्मचारी) तर अजून जपून. नुसती नावं काढली म्हणजे झालं असं नाही. २००६ मधे एओएलने नावाऐवजी नंबर टाकून लाखो लोकांचे सर्च जाहीर केले होते आणि पत्रकारांनी नुसत्या सर्चवरून एका बाईंचं घर शोधून काढलं. असा डेटा स्वतःच्या लॅपटॉपवर घेऊच नका, कंपनीच्याच सर्व्हरवर काम करा.

८. दर आठवड्याची मीटिंग

वार आणि वेळ पक्की ठेवा, अर्धा तास पुरतो. मीटिंगनंतर त्याच दिवशी मेल, गाईड आणि मेंटॉर दोघांनाही एकाच मेलमधे : या आठवड्यात काय झालं, कुठे अडलोय, काय ठरलं. तीन-चार ओळी. हा मेल लिहायला दहा मिनिटं लागतात आणि तीन महिन्यांनी "आम्ही असं कधी म्हटलंच नव्हतं" निघतं तेव्हा तोच कामी येतो. कॉलेजची लॉगबुक भरायची असते तीही याच्यातूनच भरते, नाहीतर शेवटच्या रात्री चार रंगांची पेनं घेऊन वर्षभराच्या तारखा टाकत बसावं लागतं (सगळ्यांनी केलंय, मला माहितीये).

अडलं असेल तर सांगा. दोन आठवडे गप्प राहून मग सांगितलं की माणूस चिडतो, त्याच दिवशी सांगितलं तर मदत करतो. आणि सुरुवातीलाच मेंटॉरशिवाय कंपनीतला अजून एक माणूस ओळखीचा करून ठेवा.

९. कोड

चार जण असाल तर गिट (कोडच्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारं साधन) वापरायलाच हवं, 'फायनल', 'फायनल२', 'खरंच फायनल' अशा झिप फाईली एकमेकांना पाठवणं आजच बंद करा. कंपनीच्या रेपोमधे काम असेल तर बदल छोटे ठेवा. माझ्या पहिल्या रिव्ह्यूवर (म्हणजे माझा कोड दुसऱ्यांनी तपासला तेव्हा) ४१ कमेंट आल्या होत्या, मला वाटलं माझा अपमान चाललाय, नंतर दिसलं की तिथल्या सीनियरच्या कोडवरही तेवढ्याच येतात.

पासवर्ड आणि की (सिस्टिममधे शिरायची गुप्त किल्ली) कधीच कोडमधे लिहू नका. चुकून कमिट झालीच (म्हणजे गिटमधे नोंदली गेलीच) तर पुढच्या कमिटमधे खोडून उपयोग नाही, ती इतिहासात राहते. लगेच मेंटॉरला सांगून ती की रद्द करून नवीन घ्यायची. लपवलंत तर जास्त अडकाल. तसंच कंपनीचा कोड किंवा डेटा कुठल्याही बाहेरच्या एआय चॅटबॉटमधे पेस्ट करण्याआधी त्यांची परवानगी आहे का विचारा, कारण एनडीएच्या दृष्टीने ते बाहेर देणंच झालं.

बाहेरची लायब्ररी (दुसऱ्याने लिहिलेला तयार कोड) घेताना लायसन्स बघा. एमआयटी लायसन्स असेल तर कॉपीराइटची सूचना आणि लायसन्सचा मजकूर तसाच ठेवला की भागतं. जीपीएल हे लायसन्स असेल आणि कंपनी ते सॉफ्टवेअर पुढे ग्राहकांना देणार असेल तर सोबत सोर्स कोड त्याच अटींवर द्यावा लागतो, आणि हे कंपनीला शेवटच्या महिन्यात कळलं तर तुमचं सगळं काम बाजूला पडतं. एक साधी यादी ठेवा : लायब्ररी, व्हर्जन, लायसन्स.

१०. रिपोर्ट आणि व्हायवा

रिपोर्टच्या दोन आवृत्त्या : एक कंपनीसाठी पूर्ण, एक कॉलेजसाठी, ज्यात गोपनीय आकडे काढून टक्केवारी किंवा प्रमाण दिलेलं. दुसरी आवृत्ती कंपनीकडून मंजूर करून घ्यायला महिनाभर आधी द्या.

व्हायवाला कंपनीच्या व्हीपीएनवर अवलंबून राहू नका, हॉलमधलं नेट त्याच वेळी जाणार. डेमोचा व्हिडिओ काढून ठेवा आणि एक छोटा नमुना डेटा लॅपटॉपवर ठेवा, अर्थात परवानगी असलेला. "यातलं तू काय केलंस आणि कंपनीने काय केलं?" हा प्रश्न येतोच येतो, प्रत्येकाला वेगळा. "आम्ही सगळ्यांनी मिळून" हे उत्तर चालत नाही. आपापल्या कमिट आणि मेल बघून प्रत्येकाने अर्धं पान लिहून ठेवा. आणि बिघडलेलं सांगायला घाबरू नका, आमची १९७० ची चूक आम्ही स्लाईडवर टाकली आणि एक्स्टर्नल त्यावरच पंधरा मिनिटं बोलले.

११. निघताना

वरातीमागून घोडं नको म्हणून शेवटचे दोन आठवडे फक्त हँडओव्हरला ठेवा, नवीन फीचर बंद. रीडमी (प्रोजेक्ट कसा चालवायचा ते सांगणारी फाईल) लिहून झाली की ज्याने तुमचा प्रोजेक्ट कधीच बघितला नाही अशा माणसाला द्या, शेजारी बसा आणि तोंड बंद ठेवा. तो जिथे अडेल तिथे तुमची रीडमी अपुरी आहे. आमची पहिली रीडमी दुसऱ्याच ओळीत अडकली, कारण एक फाईल फक्त माझ्याच लॅपटॉपवर होती.

सर्टिफिकेट आणि शिफारसपत्र मेंटॉर जागेवर असतानाच मागा, आणि काय काय केलं त्याचे मुद्दे तुम्हीच लिहून द्या, त्यांचं काम हलकं होतं. पेपरची परवानगी राहिली असेल तर तीही आत्ताच. अकाउंट बंद झाल्याचा मेल मागून घ्या, स्वतःच्या मशीनवरचा डेटा डिलीट करून तसं लेखी कळवा. लॅपटॉप, ओळखपत्र, सेन्सर, जे काही घेतलं होतं ते परत केल्याची पावती घ्या, त्यात वस्तूंची यादी असू द्या. आमच्यातल्या एकाने फक्त "लॅपटॉप परत केला" एवढंच लिहून घेतलं होतं, चार महिन्यांनी त्याला मेल आला की चार्जर कुठाय.